पुरण्याआधी अर्धा तास द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कोकणच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. ‘किनाऱ्यावर महाकाय मासा’ असा मथळा आणि खाली चार ओळी. सकाळी फिरायला गेलेल्या ग्रामस्थांना दिसला, बघ्यांची गर्दी झाली, दुर्गंधी सुटली, ग्रामपंचायतीने जेसीबी मागवून पुरून टाकला. सोबतच्या फोटोत प्राण्यापेक्षा माणसेच जास्त. लांबी ‘सुमारे दहा फूट’, जात ‘डॉल्फिन असावा’, मरणाचे कारण ‘प्रदूषण असल्याची चर्चा’.

आम्ही कोकण किनाऱ्यावर डॉल्फिन आणि देवमाशांचा अभ्यास करतो, आणि आमची विनंती या बातमीविषयीच आहे. जेसीबी येऊन खड्डा खणून होईपर्यंत अर्धा तास तरी जातोच. तेवढ्या वेळात एक मोजपट्टी आणि एक मोबाइल यांच्यावर जे टिपता येते, ते एकदा पुरले की पुन्हा मिळत नाही. घटनास्थळी सगळ्यात आधी पोचणाऱ्यांत आपले तालुका वार्ताहर असतात. सागरी सस्तन प्राण्यांचा अभ्यासक बहुतेक वेळा शेजारच्या जिल्ह्यातून निघालेला असतो आणि वाळू सपाट झाल्यावर पोचतो. म्हणून हे पत्र वार्ताहरांसाठी, आणि त्यांच्यामार्फत पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि पुळणीवर राहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. लांबले आहे, पण तपशील गाळला तर त्याचा उपयोग उरणार नाही.

आधी ओळखीचे. शेपूट आडवी, म्हणजे वाळूवर सपाट पसरलेली असेल तर तो सस्तन प्राणी; उभी असेल तर मासा. या एका खुणेवर व्हेल आणि व्हेल शार्क यांची बातम्यांत होणारी गल्लत संपते. व्हेल शार्क हा मासाच आहे. ‘देवमासा’ हा शब्द मात्र खुशाल वापरावा, तो आपल्या भाषेत मुरलेला आहे. डॉल्फिनला ‘मासा’ म्हणणे तेवढे टाळावे. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो, आणि जाळ्यात अडकला की बुडून मरतो. माशाच्या बाबतीत या शेवटच्या वाक्याला अर्थच नाही, आणि आमच्या कामात तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचे आहे.

आपल्या किनाऱ्याला अगदी खेटून राहणाऱ्या जाती दोन. एक हंपबॅक डॉल्फिन, ज्याला सिंधुदुर्गातले मच्छीमार गादा म्हणतात. लांब चोच, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. पूर्ण वाढ झालेला अडीच मीटरच्या पुढे जातो. खाड्यांच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, होड्या आणि जाळी जिथे दाट तिथेच त्याचा वावर. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. दुसरा फिनलेस पॉरपॉईज, काही बंदरांवर त्याला बुलिया म्हणतात. तो लहान असतो, क्वचितच पावणेदोन मीटर भरतो. डोके गोल, चोच नाही आणि पाठीवर परही नाही. पाठीवरच्या पराच्या जागी बारीक पुटकुळ्यांची एक खरखरीत पट्टी असते. बातम्यांत येणारा ‘पर कापलेला डॉल्फिन’ बहुतेक वेळा हाच असतो. त्याचा पर कुणी कापलेला नसतो, मुळातच नसतो. खात्री करायची तर दात पाहावेत. डॉल्फिनचे दात सुळ्यासारखे निमुळते, पॉरपॉईजचे टोकाला चपटे, छोट्या फावड्यासारखे. हात न लावता, उघड्या जबड्याचा जवळून एक फोटो काढला तरी दोन्हींतला फरक आम्हाला कळतो.

रंगावर कधीही विसंबू नये. या प्राण्यांची गडद कातडी पातळ असते आणि उन्हात काही तासांत सोलवटून निघते. खालचा थर पांढरट-गुलाबी असतो. ‘दुर्मीळ पांढरा डॉल्फिन’ असे मथळे येतात त्यांतले बरेचसे प्राणी असे सोललेले करडेच असतात.

मोठ्या देवमाशांची ओळख डोक्यावरून पटते. ब्रायडीज व्हेलच्या डोक्यावर श्वासछिद्रापासून तोंडाच्या टोकाकडे तीन उभ्या कंगोऱ्या असतात, ब्लू व्हेलच्या डोक्यावर मधली एकच. दोघांच्याही तोंडात दातांऐवजी कंगव्यासारख्या झालरी असतात, त्यांना बलीन म्हणतात. स्पर्म व्हेलला खालच्या जबड्यात मोठे दात असतात आणि श्वासछिद्र डोक्याच्या पुढच्या टोकाला डावीकडे सरकलेले असते. जाता जाता एक: अंबरग्रीसला सगळी वर्तमानपत्रे ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात, पण ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकुलाच्या न पचणाऱ्या चोचींभोवती तयार होते. ब्रायडीज किंवा ब्लू व्हेलमध्ये ते सापडत नाही, आणि ते बाळगणे, विकणे आपल्याकडे गुन्हा आहे. त्या आशेने कुणी मेलेल्या देवमाशाचे पोट फाडू नये.

आता मोजणीचे. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पट्टी प्राण्याच्या अंगावरून टाकायची नाही. मेलेला प्राणी फुगतो, आणि पट्टी फुगीर पोटावरून गेली की लांबी खोटी वाढते. प्राण्याच्या बाजूला वाळूत दोन काठ्या सरळ उभ्या रोवाव्यात. एक वरच्या जबड्याच्या टोकासमोर, दुसरी शेपटीच्या दोन पात्यांमधल्या खाचेसमोर. मग काठ्यांमधले सरळ अंतर मोजावे. शेपटीच्या पात्याच्या टोकापर्यंत मोजू नये, खाचेपर्यंतच. सेंटिमीटरमध्ये लिहावे आणि ‘सुमारे’ हा शब्द गाळावा. प्राणी वाकडा पडलेला असेल, शेपूट तुटलेली असेल, तर तसे शेजारी लिहावे; चूक माहीत असेल तर तो आकडाही कामाचा ठरतो.

एवढा हट्ट कशासाठी, तर या एका आकड्यावरून पिल्लू की प्रौढ ते ठरते. हंपबॅक डॉल्फिनचे नवजात पिल्लू साधारण एक मीटरचे असते. एक मीटरचा, अंगावर उभ्या फिकट रेषा असलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला, तर तो नुकताच जन्मलेला. त्या रेषा म्हणजे आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या घड्या. नाळेचा तुकडा लोंबत असेल तर जन्म काही दिवसांपूर्वीचाच. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या की आपल्या किनाऱ्यावर ही जात कोणत्या महिन्यांत विते ते कळते, आणि मग त्या महिन्यांत कुठली जाळी कुठे टाकली जातात याचा विचार करता येतो. ‘सुमारे चार फूट’ मध्ये पिल्लूही बसते आणि जवळजवळ पूर्ण वाढलेला पॉरपॉईजही बसतो.

फोटो आठ लागतात. डावी बाजू पूर्ण, उजवी बाजू पूर्ण, डोके आणि तोंड, पाठीवरचा पर, छातीजवळचे वल्ह्यासारखे पर, शेपटीची पाती, पोटाखालचा मागचा भाग, आणि जखमा असतील तर प्रत्येक जखम जवळून. पूर्ण फोटो प्राण्याच्या मध्यासमोर, काटकोनात उभे राहून काढावा. डोक्याकडून काढला तर डोके अवाढव्य आणि शेपूट इवलीशी दिसते आणि प्रमाण कळत नाही. जखमेशेजारी फूटपट्टी ठेवावी, नसेल तर दहा रुपयांचे नाणे. चप्पल ठेवू नये, कारण ती कुणाची नि केवढी हे नंतर कुणाला माहीत नसते. मोबाइलमधले लोकेशन चालू ठेवावे. गर्दीला पाच मिनिटे बाजूला करावे. सेल्फी काढणारा माणूस नेमका पराच्या पुढे उभा राहतो.

पोटाखालच्या फोटोबद्दल दोन शब्द जास्त, कारण तोच बहुधा राहून जातो. नर की मादी हे त्यावरून कळते. नरात जननछिद्र आणि गुदद्वार यांत बऱ्यापैकी अंतर असते. मादीत दोन्ही जवळजवळ एकाच लांब चिरेत असतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या दोन बारीक चिरा दिसतात. कुत्री आणि कावळे डोळे, जीभ आणि नेमका हाच भाग आधी खातात. सकाळी सातला सहज ओळखता येणारा प्राणी दुपारी बाराला नर की मादी ते सांगता येण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

हे सगळे करताना प्राण्याला हात लावायचा नाही. कायद्याने तर नाहीच. सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि दात किंवा हाडाचा तुकडा आठवण म्हणून घरी नेणे हाही गुन्हा आहे. प्रकृतीसाठीही नाही. या प्राण्यांत ब्रुसेलासारखे माणसाला होऊ शकणारे जिवाणू असतात. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे आणि मोठ्या देवमाशाच्या फुगलेल्या पोटापासून दूर राहावे. २००४ मध्ये तैवानच्या ताइनान शहरात ट्रकवरून नेताना एक स्पर्म व्हेल आतल्या वायूने भर रस्त्यात फुटला होता.

यापुढचे काम वन विभागाच्या उपस्थितीत पशुवैद्यक आणि अभ्यासक यांचे. ते पाहिले की अर्धा तास का मागतो ते कळेल. अभ्यासक पोचल्यावर आधी प्राण्याला एक ते पाच असा क्रमांक देतो. एक म्हणजे जिवंत, दोन म्हणजे नुकताच मेलेला, तीन म्हणजे सडू लागलेला पण अवयव ओळखू येणारा, चार म्हणजे आतले सगळे पाणी झालेला, पाच म्हणजे वाळलेली कातडी आणि हाडे. कोकणच्या दमट उन्हात दोनचा तीन व्हायला एक दुपार पुरते. दोनमध्ये फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे घेऊन रोग होता का ते पाहता येते. चारमध्ये फक्त दात, हाडे, कातडी आणि पोटातला माल हाती लागतो.

अवयवांचे तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे बाजारात मिळणारे तीव्र फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, असे ठेवतात. तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नको आणि द्रावण तुकड्याच्या दहापट हवे. घाईत मुठीएवढा गोळा बरणीत कोंबला तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला कुजतो. प्रयोगशाळेतून ‘तपासणीयोग्य नाही’ एवढेच उत्तर येते. कातडीचा नखाएवढा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्ये कधीच नाही, तो ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिनने डीएनए खराब होतो, आणि कातडी घेतो ती त्याचसाठी. चरबीचा थर पाठीवर, कुशीत आणि पोटावर तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण आजारी, उपाशी प्राण्याची चरबी पातळ झालेली असते. चरबीचा एक तुकडा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फात जातो. समुद्रात उतरलेली कीटकनाशके आणि कारखान्यांची रसायने चरबीत साठतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीतली रसायने त्यात मिसळायला नकोत.

जठराची दोन्ही तोंडे सुतळीने घट्ट बांधून ते अख्खेच काढतात, नाहीतर निम्मा माल वाळूत सांडतो. नंतर चाळणीवर पाण्याखाली धुतले की मांस निघून जाते आणि मागे राहतात माकुलाच्या काळ्या चोची आणि माशांच्या कानातले खडे. धोमा खाताना दाताखाली येणारा पांढरा खडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तसा खडा जवळजवळ प्रत्येक माशात असतो आणि त्याचा आकार जातीगणिक वेगळा असतो. धोम्याचा जाड, गोटीसारखा. बांगड्याचा पातळ, नाजूक. खडा कोणत्या माशाचा ते कळते आणि त्याच्या मापावरून तो मासा केवढा होता तेही काढता येते. डॉल्फिन आमचे सगळे मासे खातो, ही मच्छीमारांची तक्रार कितपत खरी, कोणते मासे आणि कोणत्या मापाचे, याचे उत्तर मिळण्याची जागा हे चाळणीतले मूठभर खडे आहेत.

आणि दात. खालच्या जबड्याच्या मधला एक दात उभा चिरून, आम्लात मऊ करून, त्याचा केसासारखा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडात दिसतात तशी वलये दिसतात. गडद-फिकट अशी एक जोडी म्हणजे साधारण एक वर्ष. वय मोजण्याचा याहून भरवशाचा मार्ग आमच्याकडे नाही.

जिवंत प्राण्यांचा अभ्यास का करत नाही, असे विचारले जाते. करतात. ऑक्टोबर ते मे, पहाटे होडी काढून, वारा उठेपर्यंत. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की मोजणी थांबवावी लागते, कारण मग पाण्यातली पाठ आणि फेस यांत फरक करता येत नाही आणि आकडे कमी येतात. हंपबॅक डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा आणि ओरखडे असतात. ३०० किंवा ४०० मिलिमीटरच्या लेन्सने, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान शटरवर, दोन्ही बाजूंनी फोटो घेतले तर एकेक डॉल्फिन माणसाच्या चेहऱ्यासारखा ओळखता येतो. या वर्षी किती दिसले, त्यांतले मागच्या वर्षीचे किती, यावरून एकूण संख्येचा हिशेब निघतो. पावसाळाभर बसून हे पर एकमेकांशी ताडून पाहायचे, हा या कामातला सगळ्यात लांब आणि डोळ्यांना शिणवणारा भाग.

पण पॉरपॉईजला परच नाही. तो पाण्याबाहेर उडी मारत नाही, होडी जवळ आली की बाजूला होतो, पाठ क्षणभर वर आणून निघून जातो. फोटोवरून एक दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. त्याचा आवाज शंभर किलोहर्ट्झच्याही वर असतो, माणसाला वीसच्या पुढे ऐकू येत नाही. त्यासाठी पाण्यात खास यंत्र टांगावे लागते, आणि तेही ‘इथे आहेत’ एवढे सांगते, वय, लिंग किंवा आहार सांगत नाही. अशा प्राण्याबद्दल आज जे माहीत आहे त्यातले फार मोठे दान किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांचे आहे. शिवाय किनाऱ्याला लागतात ते मेलेल्यांतले थोडेच. जून ते सप्टेंबर वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो, म्हणून त्या काळात ते येतात. एरवी बरेचसे बुडतात किंवा वाहून जातात. त्या थोड्यांतलाही एक बिनमोजता पुरला की ती नोंद कायमची गेली.

मृत प्राण्याचे माप किती दूरवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्याच समुद्रातले आहे. अरबी समुद्रात हंपबॅक व्हेलचा एक छोटा कळप आहे. डॉल्फिन नव्हे, मोठा देवमासा. बाकी जगातले हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात जातात, हे मात्र अरबी समुद्र सोडून कुठेच जात नाहीत. हे पक्के कळले ते १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा मारलेल्या २४२ हंपबॅकच्या नोंदींवरून. जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी माद्यांच्या पोटातले गर्भ मोजून ठेवले होते. त्या मापांवरून विणीचा काळ उत्तर गोलार्धाचा निघाला, म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हेत हे सिद्ध झाले. ती कत्तल भयंकर होती. पण मापे घेतली नसती तर ती माहितीही समुद्रात गेली असती. आज ओमानजवळ त्यांची संख्या शंभराहून कमी धरतात. ‘लुबान’ नावाची एक मादी २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानला उपग्रह-खूण लावून सोडली, ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून दक्षिणेला गेली. म्हणजे हा कळप आपलाही आहे. असा एखादा हंपबॅक कोकणात वाळूला लागला, त्याला छातीजवळ शरीराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे लांब पर असतात, आणि तो ‘अज्ञात मासा’ म्हणून खड्ड्यात गेला, तर काय गेले ते सांगायला नको.

मरणाचे कारण बातमीत लिहू नये ही आमची आग्रहाची विनंती. बाहेरून पाहून ते कळत नाही. खुणा मात्र लिहाव्यात, त्यांचे फोटो घ्यावेत. तोंडाच्या कोपऱ्यांत, परांच्या पुढच्या कडेला किंवा शेपटीच्या देठावर बारीक, सरळ, खोल रेषा असतील तर जाळ्याचा संशय येतो. अंगाने धडधाकट, चरबी जाड, पोटात न पचलेले मासे आणि श्वासनळीत फेस, असे सगळे एकत्र असेल तर संशय पक्का होतो. एकापाठोपाठ एक समांतर काप असतील तर होडीच्या पंख्याचा मार. पण हा मार जिवंतपणी लागला की मेल्यावर, हे जखमेखाली रक्त साकळले आहे का ते पाहिल्यावरच ठरते. मेलेला प्राणी तरंगत असताना त्याच्यावरून होडी गेली असेल तर आत रक्त साकळलेले नसते. शेपूट सुरीने सरळ कापलेली दिसली की गावात ‘कुणीतरी मारला’ अशी बोंब होते. बरेचदा ते जाळ्यात मेलेला प्राणी सोडवताना जाळे वाचवण्यासाठी कापलेले असते.

इथे मच्छीमारांची बाजू मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. डॉल्फिन अडकला की त्यांचेही नुकसान होते, जाळे फाटते, दिवस जातो. भीतीपोटी मेलेला प्राणी गुपचूप पाण्यात टाकला जातो आणि मग आकडेवारीत जाळ्यांचा वाटा कधीच नीट येत नाही. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची योजना आहे. संरक्षित प्राणी जाळे कापून जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तो काढायचा तर जाळे कापण्याआधी एक, कापताना एक आणि प्राणी पोहत जाताना एक, असे तीन तुकडे घ्यावेत, बोटीचा नोंदणी क्रमांक एकात तरी यावा. ही माहिती आपण कोकणच्या पानावर हंगामाच्या तोंडाशी, ऑगस्टमध्ये, छापली तर फार उपयोग होईल. पैशाचे कारण आणखी एक आहे. अमेरिकेने आपल्या सागरी सस्तन प्राणी कायद्यातली आयातीची अट १ जानेवारी २०२६ पासून लागू केली आहे. मासळी विकणाऱ्या देशाने आपल्या जाळ्यांत असे प्राणी किती मरतात आणि ते कमी करायला काय करतो हे दाखवायचे आहे. ते दाखवायला आकडे लागतात, आणि आकडे पुळणीवरूनच येतात.

प्राणी जिवंत असेल तर गोष्टच वेगळी. पहिली प्रतिक्रिया असते शेपटीला दोर बांधून खोल पाण्यात ओढायची. तसे करू नये. शेपटीचे मणके निखळतात, आणि उलटे ओढताना डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाते. त्याला पोटावर सरळ ठेवावे, छातीजवळच्या परांखाली वाळू उकरून खळगे करावेत म्हणजे पर दुमडणार नाहीत. अंगावर ओली चादर टाकावी, श्वासछिद्र उघडे ठेवून. बादलीने समुद्राचेच पाणी घालावे, तेही श्वासछिद्र चुकवून. सावली धरावी. चरबीच्या थरामुळे पाण्याबाहेर त्याला थंडी नव्हे, उष्णता मारते. गर्दी आणि आरडाओरडा दूर. मिनिटाला श्वास किती ते मोजून लिहावेत. लहान डॉल्फिन असेल तर जाड ताडपत्रीवर सरकवून, सहा-आठ जणांनी उचलून, भरतीच्या पाण्यात कमरेएवढ्या खोलीत धरून ठेवावा. तो लगेच सोडला तर तोल जाऊन परत वाळूकडे येतो, कारण तासन्‌तास कुशीवर पडल्याने तोल बिघडलेला असतो. स्वतः सरळ राहून, स्वतः श्वास घ्यायला लागला की सोडावा.

मोठ्या देवमाशाच्या बाबतीत आशा कमी असते, हेही स्पष्ट लिहावे. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटी ब्लू व्हेल जिवंत लागला आणि मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला आलेल्या पिल्लासाठी वन विभाग, ग्रामस्थ आणि मच्छीमार यांनी जवळपास दोन दिवस शर्थ केली, ते समुद्रात नेले, तरी वाचले नाही. पाण्याबाहेर एवढ्या देहाच्या वजनाखाली स्वतःचेच स्नायू आणि फुप्फुसे चिरडतात, स्नायूंतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होतात. आणि दूधपित्या पिल्लाला आई नसेल तर खोल पाण्यात पोचूनही ते उपाशी मरते. अशा वेळी ‘यंत्रणा अपयशी’ असा मथळा देण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

मोठा देवमासा पुरायचाच असेल तर भरतीच्या रेषेच्या वर, लोकेशनची नोंद ठेवून. वल्ह्यासारख्या परांभोवती आधी नायलॉनचे जुने जाळे गुंडाळावे. दीड-दोन वर्षांनी सांगाडा काढताना बोटांची बारीक हाडे त्यामुळे हरवत नाहीत. जाळे नसेल तर ती वाळूतून निवडता येत नाहीत आणि सांगाडा कायमचा अपुरा राहतो.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. अशी बातमी आली की वार्ताहराने आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बातमीत गाव आणि पुळणीचे नाव, तारीख, मोजलेली लांबी, पाठीवर पर होता की नाही, आणि शक्य असल्यास नर की मादी, एवढे द्यावे. आणि घेतलेले सगळे फोटो, छापलेला एकच नव्हे, कांदळवन कक्षाला पाठवावेत. वर्तमानपत्राच्या नोंदी वाया जात नाहीत; देशातल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी साठवणारे लोक जुन्या बातम्याही चाळतात, पण लांबी नसलेल्या बातमीतून फक्त तारीख हाती येते. गोव्यात किनाऱ्यावरचे जीवरक्षक, वन विभाग आणि अभ्यासक मिळून अशा नोंदी ठेवतात, म्हणून तिथला मृत प्राणी सहसा बिनमोजता जात नाही. आपला ७२० किलोमीटरचा किनारा लांब आहे आणि अभ्यासक मूठभर, तेही बहुतेक प्रकल्प संपला की नोकरी संपणारे. त्यामुळे हे काम किनाऱ्यावरच्या लोकांशिवाय होणार नाही.

ग्रामपंचायतींना एक सुचवावेसे वाटते. पंचनामा तर होतोच. त्याच कागदावर लांबी, लिंग, अवस्थेचा एक ते पाच क्रमांक, लोकेशन आणि फोटोंची संख्या यासाठी पाच ओळी जोडाव्यात. कार्यालयाच्या कपाटात एका पिशवीत पाच मीटरची मोजपट्टी, दोन बांबूच्या काठ्या, एक फूटपट्टी, जाड रबरी हातमोज्यांचे दोन जोड, मास्क आणि एक जुनी चादर ठेवावी, आणि पिशवीवर १९२६ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहावा. मोजपट्टी कापडी नको, ओली झाली की ताणते, फायबरची घ्यावी.

कळावे,
कोकण किनाऱ्यावर काम करणारे सागरी सस्तन प्राण्यांचे काही अभ्यासक
सिंधुदुर्ग